धक्का-शोषक: दुरुस्ती कीं बदल?

स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण मग नाचतच राहते. तिला आवरण्यास आरंभीं घर्षणाच्या चकत्या असत. झिजल्या कीं नट आवळावा, एवढाच उपाय. पुढें फ्रान्सच्या मोरीस ऊदाय यानें तेल बारीक छिद्रांतून दाबण्याची युक्ति प्रचारांत आणली. १९२७ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’लाहि तीच लाभली. या साधनांत तेल पुन्हां भरतां येई. दांड्याचें घरच झिजलें असल्यास मात्र तो खर्च वायां जाई. नळीच्या आकाराचे, कायमचे बंद केलेले शॉक अब्सॉर्बर आले, तेव्हां दुरुस्तीची वाटच बहुतांशीं खुंटली. बीड जिल्ह्यांतील तेलगावीं साखर कारखाना आहे. उसाच्या जड गाड्यांनीं वाट उखडली, तरी जुन्यावरच भागवून चार पैसे वांचविण्याचा मोह होणारच. परंतु चाक जमीन सोडतें त्या क्षणीं ब्रेकचें कांहीं चालत नाहीं.