सरकीच्या पोटातला इतिहास

पूर्णा ते नांदेड या लोहमार्गावर चुडावा नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. माझे गाव ते. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'गावरानी' हा शब्द सतत असे. आज गावरानी म्हटले की कोंबडी नाहीतर अंडी डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या लेखी मात्र गावरानी म्हणजे कापूस. नांदेड-परभणीच्या काळ्या रानात पिकणारा, लहान बोंडाचा, पण तलम धाग्याचा देशी कापूस. या कापसाचे काय झाले, ते आज सांगायचे आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांची हिंदुस्थानी कापसाबद्दल कायम तक्रार असे : धागा आखूड आणि जाडाभरडा. या तक्रारीला जे थोडे अपवाद होते, त्यांत वऱ्हाड, हिंगणघाट आणि निजामाच्या मुलखातला 'बनी' कापूस होता. आपला गावरानी त्याच कुळातला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यानंतर मुलखात आगगाडी आली, सरकी काढण्याचे कारखाने म्हणजे जिनिंग आले. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-सिकंदराबाद मार्ग झाला आणि आमचे शिवारही मुंबईच्या बाजाराला जोडले गेले.

आता गंमत पाहा. बाजार वाढला, तर चांगल्या कापसाचे भले व्हायला हवे होते. झाले उलटेच. बनीच्या कापसात रुई कमी, सरकी जास्त. वजनाच्या जेमतेम चौथा हिस्सा रुई निघे. जाडाभरड्या जातींत ती तिसऱ्या हिश्शाहूनही जास्त असे. व्यापारी तलमपणाचे वेगळे पैसे क्वचितच देई. मग शेतकऱ्याने काय करावे? त्याने जाड कापूस पेरला. त्याचे काही चुकले नाही. हिशेबच तसा होता.

त्यात आणखी एक भर पडली. पूर्वी घरच्या कापसाची सरकी घरीच काढत आणि तीच पुढच्या वर्षी पेरत. जिनिंगमध्ये दहा गावांचा कापूस एका ढिगात पडू लागला. तिथून आणलेली सरकी पेरली की शेतात भेसळ उगवे. कपाशीचे फूल बरेचसे स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाशा थोडाफार पराग इकडचा तिकडे करतातच. दरसाल भेसळ वाढत गेली आणि वऱ्हाडातला अस्सल बनी पाहता पाहता दुर्मीळ झाला. ना दुष्काळ पडला, ना रोग आला. एका वाणाची जनुके वजनकाट्यावर हरली.

जनुक म्हणजे आनुवंशिक गुणाची चिठ्ठी. धागा किती लांब, पान किती केसाळ, मूळ किती खोल, याच्या चिठ्ठ्या सरकीच्या पोटात असतात. एखादा वाण संपतो तेव्हा त्याच्यातल्या काही चिठ्ठ्या कायमच्या फाटतात, आणि फाटताना त्यांत काय लिहिले होते हे कुणी वाचलेलेही नसते.

हा धोका त्या काळातही काहींनी ओळखला होता. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२३ साली ब्रिटिश मुलखात कापूस वाहतूक कायदा झाला. चांगल्या कापसाच्या पट्ट्यात बाहेरचा हलका कापूस आणि त्याची सरकी येऊ नये, हा त्याचा हेतू. हैदराबाद संस्थानानेही गावरानी पट्ट्यासाठी हाच मार्ग धरला, आणि १९३०च्या दशकात निवड पद्धतीने 'गावरानी ६' हा शुद्ध वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. जैवविविधता हा शब्द जन्मण्याच्या आधीचे हे संवर्धनच होते.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातली सुमारे ९७ टक्के कपाशी देशी होती. पुढे अमेरिकन कपाशीने जम बसवला. १९७० साली सुरतेहून 'एच-४' हा संकरित वाण आला, मग आपल्या नांदेडच्या संशोधन केंद्राचा 'एनएचएच ४४' गाजला, आणि २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आज देशी कपाशी शेकडा दोन-तीन एकरांवर उरली आहे.

देशी आणि अमेरिकन यांत फरक नुसत्या धाग्याचा नाही. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. दोघींचा संकर केला तर १३ आणि २६ मिळून ३९ होतात. गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि रोप वांझ निघते. खटपटी करून शास्त्रज्ञ त्यातून वाट काढतात, पण ते सोपे नाही. म्हणून देशी कपाशी संपली, तर तिचे गुण अमेरिकन कपाशीतून परत मिळवता येणार नाहीत.

ते गुण कोणते? १९९०च्या दशकात पाकिस्तानात आणि आपल्या उत्तर भारतात पाने गुंडाळणाऱ्या विषाणूने अमेरिकन कपाशीची दैना केली. शेजारची देशी कपाशी मात्र उभी राहिली. पाण्याचा ताण आणि रस शोषणाऱ्या किडीही ती बऱ्यापैकी सोसते. अर्थात, बोंडअळीपासून तीही सुटलेली नाही. तिचे बोंड लहान, कापूस लवकर गळतो, वेचणीला मजूर जास्त लागतात. हे शेतकऱ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

पण सगळे शिवार एकाच जातीचे असण्यातही जोखीम असते. १९७० साली अमेरिकेत मक्याचे बहुतेक संकरित बियाणे एकाच मातृवंशाचे होते. एक बुरशी आली आणि देशाच्या मक्याचा सुमारे १५ टक्के भाग घेऊन गेली. २०१७ साली बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे जे केले, ते श्रोत्यांना वेगळे सांगायला नको.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत देशी वाणांचे बियाणे जपून ठेवले आहे. ते हवेच. पण शीतपेटीतले बी झोपलेले असते. बदलता पाऊस, नवी कीड यांच्याशी त्याची गाठ पडत नाही. ती शेतातच पडते. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याच्या देशी वाणांवर केलेले काम मला मोलाचे वाटते. 'पीए २५५' अर्थात 'परभणी तुराब' हा त्यांतलाच. देशी म्हणजे आखूड धागा, हा जुना शिक्का त्याने पुसला.

मात्र चांगला वाण काढणे हे अर्धेच काम. बनी गेला तो वाईट होता म्हणून नव्हे, तर त्याच्या गुणाला भाव नव्हता म्हणून. संवर्धनाचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकून भागणार नाही. देशी कापसाची वेगळी खरेदी, वेगळे जिनिंग आणि धाग्याप्रमाणे दाम या तीन गोष्टी झाल्या, तर चुडाव्यासारख्या गावात दोन-चार तास देशी कपाशीचे पेरायला लोक तयार होतील. नाहीतर शंभर वर्षांपूर्वीचा वजनकाटा आजही तोच निकाल देईल.