कामाच्या दिवसाचा डोंगर : नाशिककरांसाठी निवडीचे निकष

नाशिकला डोंगरांची वाण नाही. पश्चिमेला त्र्यंबकची रांग, उत्तरेला सातमाळा, आणि जिल्ह्याच्या टोकाला १५६७ मीटर उंचीचा साल्हेर. रविवारी कुठे जायचे हे ठरवायला त्यामुळे फारसा विचार लागत नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी काम सुटल्यावर कुठला डोंगर चढावा, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. रविवारच्या डोंगराच्या कसोट्या त्याला लावल्या की उत्तर हमखास चुकते.

बर्फाच्या मुलखात हा प्रश्न कसा सुटला आहे ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत सिॲटलच्या पूर्वेला स्नोक्वाल्मी खिंड आहे. तिची उंची जेमतेम ९२० मीटर. त्या राज्यात याहून कितीतरी उंच आणि भरपूर बर्फाचे पर्वत आहेत. तरीही कामाच्या दिवशी संध्याकाळी स्कीइंगला लोक याच खिंडीत जातात, कारण शहरातून तासाभरात पोचता येते आणि उतारांवर दिवे आहेत. उंची आणि बर्फाची प्रत या गोष्टी तिथे दुय्यम ठरतात. अंतर आणि उजेड ही खरी मापे. आपल्याकडे बर्फ नाही आणि डोंगरावर दिवेही नाहीत. ते नसावेतच, कारण आपल्या टेकड्यांवर रात्र वन्य जिवांची असते. तेव्हा आपला उजेड सूर्याचा, आणि हिशेब त्याच्यापासूनच सुरू करायला हवा.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारताची घड्याळे ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात. या पावणेनऊ अंशांच्या फरकामुळे नाशिकचा सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ ३५ मिनिटे मागे असतो. म्हणजे सकाळ उशिरा उजाडते, पण संध्याकाळ तेवढीच लांबते. जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, मार्चच्या विषुवदिनी पावणेसातला होतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरात नव्हे, नोव्हेंबरच्या अखेरीस येतो, सहाला पाच-सात मिनिटे असताना. त्यानंतर वाट दिसेल असा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटेच टिकतो. उत्तरेकडच्या देशांत तो बराच रेंगाळतो, आपल्याकडे अंधार झपाट्याने पडतो. परदेशी पुस्तकांतले अंदाज इथे वापरताना हे ध्यानात ठेवावे.

दुसरा हिशेब चढाईच्या वेळेचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ नियम मांडला : दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मीटरमध्ये सांगायचे तर पाच किलोमीटरला तास आणि शंभर मीटर चढाला दहा मिनिटे. हा नियम धडधाकट, सराव असलेल्या माणसाचा आहे. दिवसभर यंत्रापुढे उभे राहून किंवा खुर्चीत बसून आलेल्याने त्यात पाव हिस्सा वाढवावा. उतरायला चढाच्या दोनतृतीयांशाहून कमी वेळ कधीच धरू नये. संध्याकाळी आपण थकलेल्या गुडघ्यांनी आणि घटत्या उजेडात उतरतो. पाय घसरतो तो उतरतानाच. म्हणून माझा नियम कडक आहे : सूर्यास्ताच्या वेळी निम्म्याहून अधिक उतार संपलेला असावा, आणि विजेरी पिशवीत असली तरी तिच्या भरवशावर बेत आखू नये.

आता हे दोन्ही हिशेब नाशिकच्या डोंगरांना लावून पाहू. अंजनेरी शहरापासून साधारण वीस किलोमीटर, माथा तेराशे मीटरच्या आसपास. गावातून पाचशे-सहाशे मीटरचा चढ आणि लांब पठार. नेस्मिथच्या हिशेबाने वर जायलाच दोन तास. शिवाय तो संवर्धन राखीव आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती तिथली, आणि गिधाडांचा तो आसरा. अशा ठिकाणी तिन्हीसांजेला घाईने फिरणे निसर्गाच्या आणि आपल्या दोघांच्याही हिताचे नाही. ब्रह्मगिरीचे गणित याहून वेगळे निघत नाही. हे दोन्ही डोंगर रविवारचे.

रामशेजवर थोडे थांबायला हवे, कारण मोह तिथेच पडतो. शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटर, पायथ्याला आशेवाडी, चढ अडीचशे-तीनशे मीटरचा. १६८२ पासून मोगल फौजेला वर्षानुवर्षे झुंजवणारा हा किल्ला एकाकी उभा असल्याने माथ्यावरून चौफेर नजर जाते. चढायला पाऊण तास, उतरायला पस्तीस मिनिटे, वर पंधरा मिनिटे असे धरले तरी दीड तास सहज जातो. एप्रिलच्या मध्यावर सूर्यास्त सातला पाच कमी असताना होतो. म्हणजे साडेपाच-पावणेसहाला पायथा सोडायला हवा, आणि त्यासाठी शहरातून पाचच्या सुमारास निघायला हवे. सहाला सुटणाऱ्या नोकरदाराला वर्षातल्या कुठल्याही महिन्यात हे जमत नाही. जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा असतो, पण तेव्हा पाऊस सुरू होऊन कातळावर शेवाळ धरू लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दुपारी सुटणाऱ्या पहिल्या पाळीच्या कामगारासाठी मात्र रामशेज उत्तम. तेव्हा डोंगराची निवड करताना आपली सुटण्याची वेळ डोंगराच्या उंचीइतकीच महत्त्वाची असते.

उरतात शहराला चिकटलेल्या टेकड्या. मुंबई-आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी, शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटर. लेणी पायथ्यापासून सुमारे तीनशे फुटांवर, चांगल्या बांधलेल्या पायऱ्यांची वाट, वीस मिनिटांत वर. तिचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. लेणी उत्तराभिमुख आहेत, त्यामुळे वर्षाचा बराच काळ दुपारनंतर ही बाजू सावलीत असते आणि कातळ लवकर निवतो. एप्रिल-मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, तेव्हा शेवटची तिरपी उन्हे लागतात, पण पश्चिमेच्या उघड्या उतारांइतकी भट्टी तिथे होत नाही. आणि निम्म्या उंचीवरच पोचण्याजोगे ठिकाण मिळते. गौतमी बलश्रीचा शिलालेख असलेले तिसरे लेणे पाहायला माथा गाठावा लागत नाही. अडचण एकच : हे संरक्षित स्मारक असल्याने दार संध्याकाळी बंद होते. वेळ आधी पाहून निघावे, आणि बंद दाराला वळसा घालून आडवाटेने वर जाऊ नये.

म्हसरूळची चामरलेणी, जैनांचे गजपंथ, ही उत्तरेकडची जोडीदार. चारशेच्या वर पायऱ्या, पंधरा-वीस मिनिटांचा सलग चढ. येऊन-जाऊन पाऊण तास. नोव्हेंबरातही पाच-वीसला पायथा सोडता आला तर उजेडात खाली येता येते. दमाचा व्यायाम म्हणून ही वाट मला पांडवलेणीपेक्षा सरस वाटते, कारण पायऱ्यांची लय मोडत नाही. हे तीर्थक्षेत्र आहे, हे मात्र विसरू नये. तिथे मोबाइलवर गाणी वाजवत चढणे अशोभनीय आहे.

सातपूरकरांना तिसरा पर्याय आहे, फाशीच्या डोंगराचा. तिथे २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी राहिली आहे. चढ बेताचा. मुलांना घेऊन जायला ही जागा चांगली.

ऋतूचा विचार या सगळ्याला छेद देतो. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडते ती बहुधा दुपारनंतरच, नेमकी आपल्या वेळेला. ईशान्येला किंवा पश्चिमेला काळे ढग उभे राहिले की माथा, एकटे झाड आणि लोखंडी कठडे यांच्यापासून दूर व्हावे, चढ अर्धवट सोडावा. पावसाळ्यात गवताची वाट सोडून पायऱ्यांचीच वाट धरावी. उन्हाळ्यात वाळलेल्या उतारावर मुरमाचा घसारा असतो, तो पावसाच्या चिखलाइतकाच दगा देतो. नाशिकच्या वेशीवर बिबट्याचा वावर नेहमीचा आहे आणि तोही याच कातरवेळी हिंडतो. दोघे-तिघे मिळून जावे, मुलांना पुढे पळू देऊ नये.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात सहाला सुटणाऱ्याने संध्याकाळचा हट्ट सोडून सकाळ धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो. पावणेसातला संधिप्रकाशात निघून आठला घरी येता येते, आणि उतरताना उजेड वाढत जातो.

तेव्हा पाथर्डी, इंदिरानगर, सिडको, अंबडच्या रहिवाशांनी पांडवलेणी निवडावी. पंचवटी, म्हसरूळ, दिंडोरी रस्त्याकडच्यांनी चामरलेणी. पण निवडायला आधी टेकडी उरायला हवी : शहराभोवतीच्या टेकड्या खडी आणि मुरमासाठी पोखरल्या जात आहेत. सारूळकडचे डोंगर डोळ्यांदेखत खचले. ज्या टेकडीवर आपण दर आठवड्याला पाय ठेवतो तिच्या अंगाला कुदळ लागलेली दिसली, तर वन विभागाकडे आणि महसूल कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्या.