प्रोस्टेट कॅन्सर : हाडांत पसरल्यावर

पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर दूर पसरू लागला की बहुधा हाडेच गाठतो. त्यातही मणके, कमरेची हाडे आणि बरगड्या. तिथे गेलेल्या पेशी प्रोस्टेटच्याच असतात, त्यामुळे औषधेही प्रोस्टेट कॅन्सरचीच चालतात. या पेशींमुळे नवे हाड वेडेवाकडे तयार होते. एक्स-रेत ते पांढरे, भक्कम दिसते. प्रत्यक्षात ते कच्चे असते.

या टप्प्यावर आजार सहसा पूर्ण बरा होत नाही, पण आवरता येतो, कधी कधी बरीच वर्षे. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांना हे निदान नोव्हेंबर १९८१ मध्ये, निवडून आल्यावर सहा महिन्यांत झाले. १९९२ पर्यंत देशाला त्याचा पत्ता नव्हता. प्रकृती उत्तम असल्याची पत्रके मात्र नेमाने निघत होती! दोन्ही कारकिर्दी पुऱ्या करून जानेवारी १९९६ मध्ये ते वारले.

उपचाराचा पाया शिकागोत १९४१ साली घातला गेला. वृषणे काढून पुरुषी संप्रेरक तोडले की हा कॅन्सर ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल मिळाले. आज तेच काम इंजेक्शने करतात, जोडीला अबिराटेरोनसारख्या गोळ्या असतात. तरी भारतात ती छोटी शस्त्रक्रिया टिकून आहे, कारण खर्च एकदाच होतो.

संप्रेरक तुटल्याचे परिणाम रोजच्या जगण्यात जाणवतात : अंगातून वाफा, थकवा, कामेच्छा ओसरणे. शिवाय हाडे विरळ होतात, म्हणजे आधीच कच्च्या झालेल्या हाडांवर औषधाचाही मार. म्हणून झेपेल तेवढे चालणे, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि काहींना हाडे टिकवणारी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने. किडकी दाढ काढायची असेल तर ती या इंजेक्शनांआधीच. नंतर जबड्याचे हाड क्वचित सडू लागते.

दुखणे मुकाट्याने सोसण्यात शौर्य नाही. एका जागी ठणकणाऱ्या हाडाला ८ ग्रे रेडिएशनचा एकच शेक अनेकदा पुरतो, मात्र आराम पडायला काही दिवस ते आठवडे लागतात. वेदनेवर दिलेल्या मॉर्फिनची सवय लागेल ही धास्ती घरच्यांनाच जास्त. खरा त्रास बद्धकोष्ठाचा, आणि त्यावर रेचक सुरुवातीपासून देतात.

पाठीत नवे किंवा आडवे झाल्यावर वाढणारे दुखणे, जिन्यावर लटपटणारे पाय, अडलेली लघवी ही मज्जारज्जू दबत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी बाम चोळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तिथे स्टेरॉइड, एमआरआय आणि मग रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया होते. रुग्ण चालत असतानाच उपचार सुरू झाले तर चालणे बहुधा टिकते.