कडा सध्या बंद आहे

चिखलोलीतल्या आमच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो. (चिखलोली म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं. ऑफिसात मी सरळ 'अंबरनाथ' सांगून मोकळा होतो.) त्यामुळे कडा दिसला की हात शिवशिवणं ही जुनीच खोड.

गेल्या जानेवारीत नाशिककडच्या एका कड्याखाली रोप सोडवत होतो. कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. तेवढ्यात एका मित्राने वर बोट दाखवलं. कपारीखाली चुना ओघळावा तसे पांढरे पट्टे, आणि वर लांब चोचीचं गिधाड बसलेलं. झालं, सामान आवरून परत! शुक्रवारची रजा फुकट गेली. मी जाम वैतागलो होतो. मग घरी येऊन वाचत बसलो.

हे गिधाड कड्यावरच घरटं करतं, वर्षाला एकच अंडं. हिवाळ्याच्या सुरुवातीला अंडं, उन्हाळा लागता लागता पिल्लू उडणार. म्हणजे नेमका आपला प्रस्तरारोहणाचा सीझन! माणूस जवळ आला की गिधाड उठतं, आणि अंडं उन्हात, कावळ्यांसमोर उघडं पडतं. आधीच १९९०च्या दशकापासून ही गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त घटली. सुरुवातीला संशय रोगावर होता. खरा बग २००४ मध्ये सापडला: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. भारतात गुरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली.

अशीच गोष्ट बहिरी ससाण्याची. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होतात, हे इंग्लंडच्या डेरेक रॅटक्लिफने १९६७ मध्ये दाखवलं. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली. योसेमिटीत पक्षी नाहीसाच झाला होता. १९७८ मध्ये एल कॅपिटनवर त्याचं घरटं दिसलं, तेही क्लाइंबर लोकांनाच! पुढे त्यांनीच रोपवर लटकून पातळ कवचाची अंडी उबवणीसाठी काढून आणली आणि पिल्लं घरट्यात नेऊन ठेवली. आता तिथे घरट्याजवळचे रूट साधारण मार्च ते जुलैच्या मध्यापर्यंत बंद असतात. घरटं नाही अशी खात्री झाली, की लवकर उघडतात. सगळा डोंगर बंद करायची गरज पडत नाही.

आपल्याकडे अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव झालं, पण कड्याखाली तारखांची पाटी मी तरी अजून पाहिलेली नाही. पांढरे पट्टे हीच काय ती पाटी.

मे महिन्यात पुन्हा गेलो. कातळ इतका तापला होता की बोटं टेकवेनात, अर्ध्यातून उतरलो. कपार रिकामी होती. पिल्लू उडालं की नाही, खालून काही कळत नव्हतं.