स्प्लिट-ग्रेड छपाई

कृष्णधवल निगेटिव्हची प्रत एकाच कागदावर मऊ (००) आणि कडक (५) फिल्टरखाली लागोपाठ दोन एक्स्पोजर देऊन काढण्याची पद्धत. त्यासाठी व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद लागतो. इलफर्डचा 'मल्टिग्रेड' १९४० मध्ये आला.

तत्त्व : इमल्शनचे सर्व घटक निळ्या प्रकाशाला सारखेच संवेदनशील असतात, हिरव्याला कमीअधिक. पिवळसर फिल्टर निळा अडवतो, म्हणून चित्र मऊ उतरते. मॅजेंटा हिरवा अडवतो, म्हणून कडक.

चाचणी : आधी उजळ भाग ठरवावा, मग काळा. कागदाची पट्टी चित्रातील महत्त्वाच्या उजळ भागावर ठेवून ०० खाली ४, ५.६, ८, ११, १६ सेकंद अशी अर्ध्या स्टॉपने वाढणारी एक्स्पोजर द्यावीत. उजळ भागातला तपशील, उदा. पांढऱ्या सदऱ्याची वीण, जिथे जेमतेम दिसू लागते, ती वेळ घ्यावी. ही पट्टी राखाडी आणि निर्जीव दिसते. तशीच दिसायला हवी, कारण काळा अजून यायचा आहे. दुसऱ्या पट्टीला सगळीकडे हीच मऊ वेळ द्यावी आणि त्यावर फिल्टर ५ च्या वाढत्या वेळा चढवाव्यात. सर्वांत गडद सावली ज्या टप्प्यावर प्रथम पूर्ण काळी होते, तो निवडावा. कडक एक्स्पोजर उजळ भागही किंचित गडद करते, म्हणून शेवटी मऊ वेळ थोडी कमी करावी लागते. पट्टी डेव्हलपरमधून लवकर उचलू नये. नाहीतर काळा कच्चा राहतो आणि पुढचा सगळा अंदाज चुकतो. फायबर कागद वाळल्यावर गडद होतो, तेव्हा निवाडा वाळलेल्या पट्टीवरूनच करावा. फिल्टर बदलताना एन्लार्जर हलला तर कडा दुहेरी उमटतात.

मतभेद : या पद्धतीने वेगळीच टोनश्रेणी मिळते, असे काही छपाईकार मानतात. मात्र दोन्ही एक्स्पोजर कागदभर सारखी दिल्यास मधल्या एखाद्या फिल्टरनेही तीच प्रत निघते. खरा लाभ स्थानिक कामात आहे : कोऱ्या आकाशाला ०० ने बर्न करून (तेवढ्याच भागाला जादा एक्स्पोजर देऊन) ढग आणता येतात, तर झाडाखालची सावली ५ ने गडद करताना पानांवरचा उजेड जवळजवळ तसाच राहतो.

उपकरणे : जर्मनीतील हाइलांट कंपनीचे 'स्प्लिटग्रेड' नियंत्रक.

प्रतीचा आकार, कागद किंवा एन्लार्जरचा दिवा बदलला की दोन्ही पट्ट्या नव्याने काढाव्या लागतात.