आमचं फिरतं बिऱ्हाड

मध्यमवर्गीय मराठी माणसाला आयुष्यात दोन गोष्टींची मनापासून धास्ती असते. एक, लग्नाच्या पंगतीत जिलबी कमी पडण्याची आणि दुसरी, बिऱ्हाड बदलण्याची. पंगतीची धास्ती निदान एका दुपारीत संपते. बिऱ्हाडाची वर्षभर पुरते. नव्या जागेत सहा-सहा महिने मोहरीचा डबा सापडत नाही, दिव्याचं बटण दाराच्या डावीकडे की उजवीकडे यावर घरात दोन पक्ष पडतात आणि रात्री पाणी प्यायला उठलेला कर्ता पुरुष हमखास कपाटावर आपटतो. आता अशी कल्पना करा, की एका माणसाला हे बिऱ्हाड दर पाच-सात वर्षांनी बदलावं लागतं, तेही दिवे गेलेले असताना. आणि वर घरमालक ऐकवतो, "काय उजेडाची जागा दिलीय बघा तुम्हाला!" हा माणूस म्हणजे संगणक वापरणारा आंधळा. म्हणजे अस्मादिक.

डोळस माणसासमोर नवा संगणक आला, की तो पडद्यावरून एकदा नजर फिरवतो, दोनदा 'च्यक्' करतो आणि कामाला लागतो. आमची नजर म्हणजे बोटं आणि कान. स्क्रीन रीडर नावाचा एक बोलका कार्यक्रम पडद्यावरचा मजकूर आम्हाला वाचून दाखवतो. उंदराला आम्ही सहसा हात लावत नाही. कीबोर्डवरच्या शंभर-दीडशे खुणा बोटांना संध्येसारख्या पाठ असतात. हे वाचन आम्ही मिनिटाला तीनशे-साडेतीनशे शब्दांच्या वेगानं ऐकतो. साधं बोलणं असतं दीडशेच्या आसपास. आमच्या सौभाग्यवतींच्या मते माझा संगणक बोलत नाही, तो कुणाशी तरी भांडतो. पण भांडणाचं असो नाहीतर प्रेमाचं, हे सारं पाठांतर एका विशिष्ट घरापुरतं असतं. घर बदललं की बोटं पुन्हा बिगारीत.

या फिरत्या बिऱ्हाडाचा इतिहास संगणकाच्या बराच आधी सुरू होतो. इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी लागतात. आमच्या इतिहासात फक्त एक आरी आहे. फ्रान्समधल्या कूव्रे गावात घोड्यांचे साज शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात १८१२ च्या सुमारास त्याचा तीन वर्षांचा पोरगा चामडं टोचायच्या हत्याराशी खेळत होता. ते डोळ्यात गेलं, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि लुई ब्रेल कायमचा आंधळा झाला. पुढे तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. ती शाळा काढणारे व्हॅलंटिन आउई भले गृहस्थ होते, पण डोळस होते. त्यांनी रोमन अक्षरंच कागदावर मोठी उठवून पुस्तकं तयार केली होती. बघणाऱ्याला ती फार सुंदर दिसत. अडचण इतकीच होती, की ती बघायची नव्हती, चाचपायची होती. एकेक अक्षर चाचपत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. आणि लिहायचं तर नावच नको.

मग शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्यानं टिंबांची लिपी आणली. पण एकेका खुणेला बारा-बारा टिंबं! ती बोटाखाली एका वेळी मावेनात. लुईनं त्यांतली निम्मी काढून टाकली आणि पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा टिंबांची लिपी उभी केली. ती १८२९ ला छापून आली. आता शाळेनं पोराला खांद्यावर घेऊन मिरवायला हवं होतं. झालं उलटंच. १८४० मध्ये आलेल्या मुख्याध्यापकांनी तिच्यावर चक्क बंदी घातली. डोळस मास्तरांना वाचता येत नाही ती लिपी कसली? मुलं मात्र चोरून टिंबं टोचत राहिली. वर्गात बंदी असलेली गोष्टच पोरं सर्वांत मन लावून शिकतात, हा नियम सगळ्या देशांत सारखाच दिसतो. फ्रान्सनं ब्रेल अधिकृत केली १८५४ साली. लुईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

अमेरिकेत तर टिंबांवरून महायुद्ध पेटलं. न्यूयॉर्क पॉइंट वेगळी, अमेरिकन ब्रेल वेगळी, बॉस्टनची उठावाची अक्षरं त्याहून वेगळी. हेलन केलरबाईंना वाचनाच्या हौसेपायी अशा अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. इंग्रजीसाठी एकच ब्रेल ठरायला १९३२ साल उजाडलं. आपल्याकडेही प्रांतोप्रांती निराळी टिंबं होती. १९५१ मध्ये भारती ब्रेल आली आणि सगळ्या भारतीय भाषा एका पंक्तीला बसल्या. तिच्यात मराठीचा 'क' आणि इंग्रजीचा 'के' बोटाखाली अगदी सारखा लागतो. भाषावार प्रांतरचनेवर देशात रणं माजायच्या आधीच आम्ही आंधळ्यांनी ही एकी उरकून टाकली होती. पण बातमी टिंबांत असल्यामुळे बहुतेक कुणी वाचली नसावी.

संगणकातलं आमचं पहिलं घर म्हणजे डॉस. काळा पडदा, पंचवीस ओळी, ओळीत ऐंशी अक्षरं. डोळस लोक त्याला रुक्ष म्हणत. आम्हाला ती चाळीतली सरळ रेषेतली खोली वाटायची. दारातून आत हात घातला की सगळं हाताशी. पडद्यावर अक्षरांखेरीज काही नव्हतंच. त्यामुळे स्क्रीन रीडरनं अक्षर उचलायचं आणि बोलायचं, इतकाच मामला. टेड हेंटर नावाचा अमेरिकन मोटारसायकल-शर्यतपटू १९७८ च्या अपघातात आंधळा झाला. त्यानं पुढे भागीदारीत कंपनी काढली आणि १९८९ मध्ये डॉससाठी 'जॉज' हा स्क्रीन रीडर बाजारात आणला. जॉज म्हणजे जबडा. नाव भयंकर, पण त्यानं कितीतरी लोकांच्या तोंडी घास घातला. टंकलेखन, हिशेब, प्रोग्रॅमिंग अशा नोकऱ्या त्याच्यासारख्या बोलक्या कार्यक्रमांच्या जोरावर मिळू लागल्या.

आणि मग विंडोज आलं. १९९० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याची जगभर सरशी होत गेली. नाव खिडक्या, पण आमच्या दृष्टीनं नुसत्या भिंती. अक्षरांच्या जागी चित्रं आली. कचऱ्याचा डबा, घडीची फाइल, बाण. संगणकाच्या लेखी आता 'अ' हे अक्षर राहिलं नव्हतं, तो ठिपक्यांचा एक पुंजका होता. स्क्रीन रीडर म्हणजे एकदम परक्या गावातला वाटाड्या झाला. जगभरच्या कचेऱ्या भराभर डॉस सोडू लागल्या आणि नुकते कुठे खुर्चीवर स्थिरावलेले आंधळे कर्मचारी घाबरले. गोष्ट सौंदर्याची नव्हती, पोटाची होती. अखेर एक युक्ती निघाली. विंडोज पडद्यावर काही काढायला निघालं, की ते वाटेतच टिपून घ्यायचं आणि पडद्यामागे एक अदृश्य पडदा रचून तो वाचायचा. चोरवाटेनं घरात शिरण्याचाच हा प्रकार, पण घर आपलं असेल तर त्याला चोरी म्हणत नाहीत. जानेवारी १९९५ मध्ये विंडोजसाठी जॉज आला. पुढे १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच आतून दार ठेवलं. दार झालं, पण भाडं? जॉजची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती. तेवढ्यात आमच्याकडे एका मुलीचं लग्न जिलबीसकट पार पडलं असतं.

या बिऱ्हाडबाजीत आमच्याही नोकरीवर एकदा बेतली होती. मी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. पुढे आपोआप चालणारी एक्स्चेंजं आली आणि मी संगणक शिकून पत्रव्यवहाराच्या टेबलावर गेलो. छान चाललं होतं. मग बँकेनं सगळ्या शाखांसाठी एक नवी प्रणाली घेतली. पहिल्या दिवशी मी ती उघडली. माझा स्क्रीन रीडर म्हणाला, "बटण." पुढे गेलो. "बटण." आणखी पुढे. "बटण." अशी एकोणीस बटणं. एकालाही नाव नाही. शिंप्याच्या दुकानातही बटणांचा रंग तरी सांगतात! साहेब सज्जन होते. म्हणाले, "तुम्ही नुसते बसा हो. पगार काही थांबत नाही." हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ज्यानं ऐकलंय त्याला विचारा. तीन महिने मी नुसता बसलो. चहा आला की प्यायचो. कामाच्या माणसाला रिकामं बसवून चहा पाजणं हा छळाचा प्रकार पुराणांत कसा सुटला, देव जाणे. सुटका केली ती प्रणाली बसवायला आलेल्या एका पोरगेल्या इंजिनिअरनं. तो सहज शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला यातलं नेमकं काय ऐकू येतं?" एवढा साधा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. चार दिवसांत एकोणीसच्या एकोणीस बटणांचं बारसं झालं.

इतिहास चाळला तर दिसतं, की आमची घरं राहण्याजोगी झाली ती बहुधा अशा माणसांमुळे, ज्यांना हा प्रश्न विचारावाच लागत नव्हता. त्यांतले एक तर पुण्याचे. टी. व्ही. रमण यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूनं गेली. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र, असं करत ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पोचले. तिथं गणिताची समीकरणं बोलून दाखवणारी प्रणाली त्यांनी केली आणि आपल्या वाटाड्या कुत्रीचं, ॲस्टरचं, नाव तिला दिलं. १९९५ मध्ये त्यांनी 'इमॅक्सपीक' आणलं. त्यातला विचार मला फार आवडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात डोळस माणसाला नुसता '१५' दिसला, तरी वार वर आणि महिना माथ्यावर दिसतच असतो. साधा स्क्रीन रीडर 'पंधरा' म्हणून मोकळा होतो. पंधरा काय, रुपये की पोळ्या? रमण यांचं म्हणणं असं, की पडदा वाचू नका, अर्थ सांगा. संगणकानं वार, तारीख, महिना सगळं बोलावं.

दुसरी जोडी ऑस्ट्रेलियाची. मायकेल करन आणि जेम्स टेह, दोघंही अंध. लहानपणी संगीताच्या शिबिरात भेटलेले. बोलक्या कार्यक्रमासाठी आंधळ्यानं संगणकाच्या किमतीहून जास्त पैसे का मोजावेत, हे करनला पटेना. त्यानं २००६ मध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, टेह त्याला येऊन मिळाला आणि तो जगाला फुकट मिळाला. आज तो मराठीही बोलतो. उच्चार जरा परदेशात वाढलेल्या भाच्यासारखे आहेत, पण बोलतो ना!

सद्‍हेतूनं केलेलं स्थलांतरही किती अंगाशी येऊ शकतं, ते २००५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात दिसलं. सरकारी कागद कुठल्याही एका कंपनीच्या मुठीत नकोत म्हणून राज्यानं खुल्या स्वरूपाकडे जायचं ठरवलं. तत्त्व सोळा आणे खरं. पण त्यासाठीच्या खुल्या प्रणाली तेव्हा स्क्रीन रीडरशी नीट बोलत नव्हत्या. अंध आणि अपंग कर्मचाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा धावाधाव झाली. याच्या उलट गंमत २००९ ची. सपाट काचेचा, बटणं नसलेला आयफोन म्हणजे आंधळ्याची निव्वळ थट्टा, असं आमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं होतं. पण त्या साली तो बोलका होऊनच दुकानात आला, वेगळे पैसे न घेता. बोट फिरवा, खाली काय आहे ते ऐका. आज कित्येक अंधांचा सगळा संसार त्या काचेवर चालतो. म्हणजे भिंती नव्या असल्याचं दुःख नसतं. त्या बांधताना आमची आठवण झाली होती की नाही, एवढाच प्रश्न असतो.

मराठीत तर एका अक्षराची दोन बिऱ्हाडं आहेत. युनिकोडमधला 'क' हा खरा 'क', तो यंत्र वाचतं. जुन्या फाँटमधला 'क' म्हणजे मराठी धोतर नेसलेलं इंग्रजी अक्षर. डोळ्याला धोतर दिसतं, माझा संगणक आतला साहेब वाचतो. लग्नपत्रिकेची अशी फाइल आली, की आम्हाला वधूवरांऐवजी चिनी युद्धाचा अहवाल ऐकल्यासारखं वाटतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं या गोष्टी सर्वांना वापरता येण्याजोग्या हव्यात असं सांगितलंय. कायदा उत्तम आहे. तोही कुणीतरी मला छापील कागद स्कॅन करून पाठवला होता. माझा संगणक त्यावर एवढंच म्हणाला, "चित्र."

लुई ब्रेलच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९५२ मध्ये, फ्रान्सनं त्याचे अवशेष कूव्रेहून काढून पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, थोरामोठ्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. गावानं सगळं दिलं, हात मात्र दिले नाहीत. ते अजून कूव्रेच्या दफनभूमीत आहेत. मला हे गावकरी फार शहाणे वाटतात. या माणसाचा खरा ऐवज कुठला, हे त्यांना न विचारता कळलं होतं. बाकीच्यांनी निदान विचारावं.