निसर्गचित्रण, साष्टी बेटातील

मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटाच्या, विशेषतः तेथील कान्हेरी डोंगररांगेच्या, निसर्गचित्रांची परंपरा. बोरिवली व मुलुंड या उपनगरांच्या दरम्यान पसरलेल्या या रांगेची कमाल उंची सु. ४६० मी. आहे. ‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’ म्हणजे काळा डोंगर यावरून आले. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी दमट हवा या उंचवट्यावर चढताना थंड होते आणि माथ्यावर ढग उतरतात. अशा वेळी काळा कातळ काही काळ दिसतो व पुन्हा लोपतो. ही धूसरता चित्रांत कशी आली, हा या परंपरेतील महत्त्वाचा प्रश्न होय.

१७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर यूरोपीय चित्रकारांना येथील लेण्यांकडे जाणे सुकर झाले. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) १७९१ मध्ये मुंबईस आला. पुणे दरबारातील व्यक्तिचित्रांसाठी तो प्रसिद्ध असला, तरी मुंबई व तिच्या परिसराची बारा दृश्येही त्याने रेखाटली. ती त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली. टॉमस डॅन्येल (१७४९–१८४०) व त्याचा पुतण्या विल्यम (१७६९–१८३७) हे १७९३ मध्ये मुंबईत आले असता वेल्सने त्यांना परिसरातील लेणी दाखविली. पुढे साष्टीतील लेण्यांची रेखाटने करीत असताना तापाने आजारी पडून १७९५ मध्ये वेल्सचा मृत्यू झाला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅन्येलने सिद्ध केलेली चित्रमाला १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली.

डॅन्येलांची दृश्ये अ‍ॅक्वाटिंट तंत्राने छापली गेली. या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर राळेच्या भुकटीचा थर देऊन अम्लाच्या साहाय्याने फिक्या-गडद छटा कोरतात. त्यामुळे रेषेवाचूनही दूरचा डोंगर विरळ होत गेलेला दाखविता येतो. मात्र पुढे गडद खडक व वृक्ष, मध्ये उजळ भाग आणि मागे फिकट निळसर पर्वत ही मांडणी तत्कालीन इंग्रजी निसर्गचित्रणाचा संकेत होती. शिवाय डॅन्येलांचा मुंबईतील मुक्काम उन्हाळ्यातला होता. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील धूसरता अंतर सुचविते. तिला पावसाळी धुक्याची नोंद मानता येत नाही.

धुक्याच्या चित्रणास अनुकूल असे माध्यम येथील चित्रकारांच्या हाती पुढे आले. सर ज. जी. कलाशाळा (स्थापना १८५७) व बाँबे आर्ट सोसायटी (१८८८) यांच्यामुळे मुंबईत निसर्गचित्रणास अभ्यास व प्रदर्शन यांचा आधार मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या काळात पारदर्शक जलरंगांना उत्तेजन मिळाले. सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) हे या माध्यमावर प्रभुत्व मिळविणाऱ्यांपैकी एक होत. ओल्या कागदावर रंग पसरू देणे व कोऱ्या कागदाचा पांढरेपणा राखणे, या रीतीने डोंगरकडेची कडा विरघळते आणि धुके वेगळे रंगवावेच लागत नाही.

विहार (१८६०), तुळशी व पवई या तलावांनी आणि नंतरच्या वस्तीने साष्टीचे रूप पालटले. डोंगराचा मोठा भाग आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सुरक्षित आहे. जुनी दृश्ये या बदलापूर्वीच्या भूमीचा पुरावा म्हणून मोलाची आहेत. पण त्यांतील प्रत्यक्ष निरीक्षण व चित्रसंकेत वेगळे करूनच तो पुरावा वाचावा लागतो.